विनातारण कर्जाचा प्रयोग : जोबरा ते ग्रामीण बँक

बंगालच्या खेड्यात कर्ज ही दुर्मीळ वस्तू कधीच नव्हती. पेरणीच्या तोंडावर महाजनाकडून, म्हणजे गावच्या सावकाराकडून, धान्य वाढीदिढीने आणावे आणि सुगी येताच ते फेडावे. कारागिराने व्यापाऱ्याकडून कच्चा माल उधारीवर घ्यावा आणि तयार झालेली वस्तू त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाने घालावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. या दुसऱ्या प्रकाराला बंगालीत ‘दादन’ म्हणतात. मराठी मुलखातील ‘उचल’ त्याच जातीची, कारण दोन्हीकडे आगाऊ दिलेल्या पैशाच्या बदल्यात खरोखर गहाण पडतात ते माणसाचे हात. भूमिहीन मजुराजवळ आणि कारागिराजवळ कर्ज भरपूर होते, पत मात्र नव्हती. पत म्हणजे आपल्या सोयीच्या वेळी, माहीत असलेल्या व्याजाने आणि मालाच्या विक्रीवर कोणाचा हक्क न ठेवता पैसा उभा करण्याची शक्ती. आणि ही शक्ती बँकांच्या लेखी जमीन, घर किंवा दागिना यांतूनच उत्पन्न होत असे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांगलादेशात लघुकर्जाचा जो प्रयोग सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला, त्याचा इतिहास मुख्यतः कर्ज आणि पत यांमधील या अंतराचा इतिहास आहे.

हे अंतर बुजवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. ब्रिटिश अमदानीत १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली आणि १९३५ मध्ये बंगालच्या कृषिऋणको कायद्याने कर्जाची तडजोड करणारी मंडळे नेमण्याची तरतूद केली. परंतु दोन्ही उपायांचा रोख जमीन कसणाऱ्या कुळावर आणि शेतकऱ्यावर होता. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात अख्तर हमीद खान यांनी १९५९ पासून कुमिल्ला येथे गावपातळीवरील सोसायट्या आणि त्यांचा ‘ठाणा’ म्हणजे तालुक्यासारख्या विभागाच्या पातळीवरील संघ अशी दुपदरी सहकाराची रचना उभी केली. ती अभ्यासकांनी वाखाणली, तरी तिचा लाभ प्रामुख्याने जमीनवाल्या शेतकऱ्यांकडे गेला आणि ज्याच्या नावावर अर्धा एकरही नाही असा माणूस याही चौकटीबाहेर राहिला.

१९७१ च्या मुक्तियुद्धानंतर बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा रस्ते, पूल, गिरण्या आणि प्रशासन यांची मोडतोड झालेली होती. १९७४ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या पुरांपाठोपाठ तांदळाचे भाव भडकले आणि रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट या जिल्ह्यांत दुष्काळ पडला. सरकारने सुमारे २६ हजार मृत्यू मान्य केले. इतर अंदाज याच्या कित्येक पट आहेत. अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ च्या आपल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले, की त्या वर्षी देशातील दरडोई धान्याची उपलब्धता आगेमागेच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती. पुरामुळे मजुरी बुडाली, भाव चढले आणि ज्यांच्याजवळ श्रमाखेरीज विकण्यासारखे काही नव्हते त्यांची खरेदीची ताकद संपली. बाजारात धान्य असताना माणसे मेली, हा या दुष्काळाचा धडा होता आणि लघुकर्जाच्या प्रयोगाची पार्श्वभूमीही हीच होय.

त्या वेळी चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले मुहम्मद युनूस हे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आणि अमेरिकेतच काही काळ अध्यापन करून १९७२ मध्ये मायदेशी परतले होते. विद्यापीठाच्या आवाराला लागूनच जोबरा हे गाव होते. युनूस यांनी विद्यार्थ्यांसह तेथे पहिला प्रयोग केला तो शेतीचा. गावातील खोल कूपनलिका हिवाळ्यात बंद पडून असे. ती चालवून ‘बोरो’ म्हणजे हिवाळी भात घ्यावे, जमीनमालकाने जमीन, वाटेकऱ्याने श्रम आणि प्रकल्पाने बियाणे, खत व पाण्याचा खर्च द्यावा आणि पिकाचे तीन समान वाटे करावेत, अशी ही योजना होती. तिला ‘नवयुग तेभागा खामार’ हे नाव दिले गेले. ‘तेभागा’ म्हणजे तीन वाटे आणि ‘खामार’ म्हणजे शेत, आणि बंगाली वाचकाला त्या शब्दाबरोबर १९४६-४७ च्या वाटेकऱ्यांच्या आंदोलनाचीही आठवण होणे साहजिक होते. पीक चांगले आले. परंतु कबूल केलेला हिस्सा काही शेतकऱ्यांनी पूर्ण दिला नाही आणि सुमारे १३ हजार टकांचा (टका हे बांगलादेशाचे चलन) तोटा युनूस यांनी स्वतः सोसला. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती खळ्यावर: भिंतीला धरून पायांनी भाताची मळणी करणाऱ्या भूमिहीन स्त्रियांच्या पदरात या सुगीतून फारसे काही पडत नव्हते. पाणी आले, पीक वाढले, तरी वाढीव उत्पन्न जमिनीच्या मालकीच्या उतारावरूनच वाहिले.

म्हणून १९७६ मध्ये लक्ष शेतीवरून भूमिहीनांकडे वळले. बांबूचे मोढे, म्हणजे बसायची स्टुले, विणणाऱ्या जोबऱ्यातील एका स्त्रीचा हिशेब युनूस यांनी पुढे अनेकदा सांगितला, आणि त्या हिशेबात साऱ्या प्रश्नाची उकल आहे. एका मोढ्याला ५ टकांचा बांबू लागे. ते ५ टका तिच्याजवळ नसत, म्हणून ती बांबू ‘पाइकारा’कडून, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून उधार घेई आणि संध्याकाळी तयार मोढा त्यालाच ५ टका ५० पैशांना देई. दिवसभराच्या विणकामाची मजुरी ५० पैसे पडे. महाजनाकडून रोख उचलावे तर आठवड्याला शेकडा १० हा दर चाले, आणि तो देऊन हाती काहीच उरले नसते. तिचे कसब कमी नव्हते आणि मालाला गिऱ्हाईकही होते. ५ टकांचे खेळते भांडवल नसल्यामुळे विक्रीचा भाव ठरवण्याचा अधिकार तिच्या हातून गेला होता. विद्यार्थिनींच्या मदतीने अशा लोकांची यादी केली तेव्हा गावातील ४२ जण निघाले आणि त्या सर्वांची एकूण गरज भरली ८५६ टका, म्हणजे युनूस यांच्या सांगण्याप्रमाणे २७ डॉलर. पंचवार्षिक योजनेतून कोट्यवधींची भाषा चालू असताना ४२ कुटुंबांची बांधिलकी सुटण्यासाठी एवढीच रक्कम पुरेशी होती.

ही रक्कम युनूस यांनी खिशातून दिली. येथवर हा धर्मादाय होता आणि येथेच थांबला असता तर त्याला इतिहासात जागा मिळाली नसती. एका प्राध्यापकाचे औदार्य त्याच्या पगाराएवढेच पुरणार, म्हणून हे काम बँकेने करावे असा आग्रह त्यांनी धरला. आवारातील जनता बँकेच्या शाखेत आणि नंतर वरिष्ठांकडे त्यांना जी उत्तरे मिळाली ती बँकव्यवहाराच्या रूढ तर्काला धरूनच होती: एवढ्या लहान कर्जाच्या कागदपत्रांचाही खर्च निघणार नाही, अर्जदाराला अर्ज भरता येत नाही आणि त्याच्याजवळ तारण नाही. अखेर कित्येक महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर, १९७६ च्या शेवटी, १० हजार टकांच्या मर्यादेपर्यंत युनूस यांनी स्वतः जामीन राहावे या अटीवर कर्ज मंजूर झाले. कर्जदार गरीब होते आणि बँक सरकारी होती. त्या दोघांना जोडणारा दुवा एका पगारदार माणसाची सही हा होता.

परतफेड कशी व्हावी याचे तयार उत्तर कोणाजवळ नव्हते. एकरकमी कर्ज वर्षअखेर एकरकमी फेडण्याच्या पद्धतीत माणूस शेवटच्या दिवशी मोठ्या आकड्यापुढे खचतो, म्हणून प्रथम रोजच्या रोज अगदी लहान हप्ता घ्यायचे ठरले आणि तो गावाच्या मध्यावरील एका पानवाल्याकडे जमा करण्याची सोय केली. काही दिवसांतच कोणी किती दिले यावरून पानवाला आणि कर्जदार यांच्यात वाद होऊ लागले आणि ती व्यवस्था मोडावी लागली. त्यातून साप्ताहिक हप्ता आला. अशा चुकतमाकत ठरलेल्या नियमांतून पुढे जी पद्धत स्थिरावली, तिचे स्वरूप असे: अर्ध्या एकराहून कमी जमीन असलेल्या, एकमेकांच्या नात्यातील नसलेल्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या ५ जणांनी गट करावा, प्रथम दोघांना कर्ज मिळावे, त्यांचे हप्ते वेळेवर आले तर पुढच्या दोघांना आणि गटप्रमुखाला शेवटी, साधारण ६ ते ८ गटांचे मिळून एक ‘केंद्र’ असावे. कर्जदाराने बँकेत जाण्याऐवजी बँकेचा माणूस सायकलवरून ठरलेल्या वारी गावात यावा, केंद्राच्या पत्र्याच्या किंवा गवताच्या छपराखाली सभासदांनी गटवार रांगा करून बसावे, प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या पाच जणांचे हप्ते आणि पुस्तिका पुढे कराव्यात आणि सर्वांच्या देखत रक्कम मोजून नोंद व्हावी.

नव्वदच्या दशकातील २० टक्के दराने या कर्जाचा हिशेब केला तर त्याची रचना स्पष्ट होते. १,००० टकांचे कर्ज ५० आठवड्यांत फेडायचे म्हणजे दर आठवड्याला मुद्दलाचे २० टका द्यायचे. व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढे मुद्दल फेडायचे राहिले आहे तेवढ्यावरच आकारायचे. त्यामुळे वर्षाचे एकूण व्याज सुमारे १०० टका होई. याशिवाय कर्जाच्या शेकडा ५ एवढी रक्कम गटनिधीसाठी कापली जाई आणि दर आठवड्याला १ टका बचत सक्तीची असे. गटातील एकाचे कर्ज दुसऱ्याने फेडावे असे कायद्याने बंधन नव्हते. परंतु एकाचा हप्ता चुकला की इतरांचे कर्ज लांबणार, ही जाणीव तारणाचे काम करू लागली. जमीन आणि दागिना यांच्या जागी शेजाऱ्याची नजर आली. या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिचा पुढे उघड झालेला जाच, दोन्हींचे मूळ या एका बदलात आहे.

कर्जदारांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा संकल्प आरंभापासून होता, पण तो पार पाडणे कठीण गेले. पडदापद्धतीमुळे परक्या पुरुषाशी बोलण्याची चाल नव्हती, म्हणून युनूस अंगणात उभे राहत, स्त्रिया कुडाच्या आड बसत आणि मधल्या फेऱ्या विद्यार्थिनी घालत. कर्ज घ्या म्हटले की ‘माझ्या नवऱ्याला द्या’ हे उत्तर ठरलेले असे. मात्र स्त्रीच्या हाती आलेला पैसा मुलांच्या पोटापर्यंत आणि घराच्या छपरापर्यंत अधिक खात्रीने पोहोचतो, असा कार्यकर्त्यांचा अनुभव होऊ लागला. शिवाय त्या सभेला नियमाने येत आणि हप्ता सहसा चुकवत नसत. १९८३ च्या सुमारास निम्म्याच्या आत असलेले स्त्रियांचे प्रमाण दशकाअखेर ९० टक्क्यांच्या घरात गेले, ते कनवाळूपणा आणि हिशेबीपणा या दोन्ही कारणांनी.

जोबऱ्यातील यशावर घेतला जाणारा आक्षेप उघड होता: हा विद्यापीठाच्या सावलीतला आणि एका माणसाच्या वजनावर चाललेला प्रयोग आहे. कृषी बँकेने आपली एक शाखा या कामासाठी उपलब्ध करून दिली आणि १९७९ मध्ये बांगलादेश बँक या मध्यवर्ती बँकेच्या पाठबळाने प्रयोग टांगाइल जिल्ह्यात नेण्यात आला. तो भाग त्या वेळी अशांत होता. ‘गणवाहिनी’ या डाव्या सशस्त्र संघटनेचे तरुण गावोगाव बंदुका घेऊन वावरत असत, आणि त्यांतील काही जण पुढे बंदूक टाकून बँकेचे कार्यकर्ते झाले. टांगाइलमध्येही परतफेड टिकली तेव्हा १९८३ मध्ये सरकारने स्वतंत्र अध्यादेश काढला आणि २ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रामीण बँक विधिवत अस्तित्वात आली. आरंभी तिचे ६० टक्के भागभांडवल सरकारचे व ४० टक्के कर्जदारांचे होते. काही वर्षांत हे प्रमाण उलटून कर्जदारांचा वाटा ७५ टक्के झाला आणि संचालक मंडळावर खेड्यांतून निवडून आलेल्या स्त्रिया बसू लागल्या. कर्जदार हाच मालक, ही कल्पना सहकाराला नवी नव्हती. परंतु ती भूमिहीन स्त्रियांच्या बाबतीत राष्ट्रीय पातळीवर उतरणे नवे होते.

१९८४ मध्ये जयदेवपूर येथील मेळाव्यात सभासदांनी ‘सोळा संकल्प’ स्वीकारले: हुंडा घेणार नाही व देणार नाही, वर्षभर भाजीपाला लावू, मुलांना शाळेत घालू, शौचखड्डे खणू. याच वर्षी घरबांधणीसाठी कर्ज सुरू झाले. त्यातून सभासदाला सिमेंटचे चार खांब, छपराचे पत्रे आणि शौचालयासाठी काँक्रीटची लादी मिळे; बाकीच्या भिंती ज्याने त्याने कुडाच्या, तट्ट्यांच्या किंवा मातीच्या कराव्यात. पूर आला की भिंती वाहून जात, खांब आणि छप्पर उभे राहत. या घरांना १९८९ मध्ये वास्तुरचनेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. घराची जमीन कर्जदार स्त्रीच्या नावावर असावी अशी अट असल्यामुळे, नवऱ्याने घराबाहेर काढण्याची धमकी दिलेल्या अनेकींच्या बाबतीत ही घरे पुरस्कारापेक्षा मोठी ठरली.

याच काळात भारतातही वेगळ्या वाटांनी हे काम चालू होते. अहमदाबादेत १९७४ मध्ये ‘सेवा’ संघटनेच्या सुमारे ४ हजार श्रमिक स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली, आणि मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांचे दार उघडून दिले. मराठी वाचकाच्या परिचयाचा बचत गट मात्र ग्रामीण बँकेच्या गटाहून भिन्न आहे: बचत गटात १० ते २० स्त्रिया प्रथम आपली बचत साठवतात, तीतून आपसांत कर्ज देतात आणि नंतर बँक संपूर्ण गटाला कर्ज देते, ग्रामीण बँकेत गट ५ जणांचा, कर्ज प्रत्येकीच्या नावाने आणि आरंभ कर्जापासून. भारतात बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केला.

मलेशियात १९८६ मध्ये आणि पाठोपाठ इतर अनेक देशांत ग्रामीण बँकेची पद्धत उचलली गेली. १९९७ मध्ये वॉशिंग्टन येथील लघुकर्ज परिषदेने २००५ पर्यंत जगातील १० कोटी अतिगरीब कुटुंबांपर्यंत कर्ज पोहोचवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांनी २००५ हे लघुकर्जाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘किवा’ ही संस्था सुरू झाली. तिच्यामार्फत श्रीमंत देशांतील सामान्य माणूस युगांडातील एखाद्या दुकानदारणीला २५ डॉलरपासून बिनव्याजी कर्ज देऊ शकत असे, मात्र मधली स्थानिक संस्था आपल्या खर्चापोटी कर्जदाराकडून बहुधा व्याज घेई. १३ ऑक्टोबर २००६ रोजी युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले. त्या वेळी बँकेचे कर्जदार ७० लाखांच्या जवळ होते, त्यांत ९७ टक्के स्त्रिया होत्या आणि काम ७३ हजार गावांत पसरले होते. परतफेड ९९ टक्के असल्याचे बँक सांगत होती.

हा शेवटचा आकडाच वादाचे केंद्र झाला. ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की बांगलादेशातील अशा संस्थांच्या अनेक कर्जदार स्त्रियांचा स्वतःच्या कर्जाच्या विनियोगावर थोडाच ताबा होता किंवा मुळीच नव्हता. पैसा घरातील पुरुष वापरत आणि हप्त्याची जबाबदारी स्त्रीकडे राही. केंद्राच्या सभेत एकीचा हप्ता आला नाही की इतरांना उठता येत नसे, आणि शेजारणीच्या रोषापायी एक कर्ज दुसऱ्या संस्थेच्या कर्जाने फेडण्याचे प्रकार वाढले. १९९८ च्या महापुरात देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, कोंबड्या-गाई आणि भाताची रोपे वाहून गेली आणि ५० ठरीव हप्त्यांची पद्धत किती ताठर आहे हे बँकेलाही दिसून आले. २००० नंतर तिने नियम बदलले: मुदत आणि हप्ता कर्जदाराच्या उत्पन्नाप्रमाणे ठरू लागला, अडचणीतील कर्जाची नव्याने बांधणी करण्याची सोय झाली, सामाईक गटनिधी बंद झाला आणि भिकाऱ्यांसाठी बिनव्याजी कर्जाची वेगळी योजना आली.

इतरत्र मात्र ९९ टक्क्यांचा अर्थ वेगळा लावला गेला. गरीब कर्ज बुडवत नाही हे सिद्ध झाले म्हणजे त्याला कर्ज देणे हा नफ्याचा धंदा होऊ शकतो, असा निष्कर्ष गुंतवणूकदारांनी काढला. मेक्सिकोतील कोंपार्तामोस या संस्थेने २००७ मध्ये आपले समभाग बाजारात विकले तेव्हा तिच्या चढ्या व्याजदरांवर युनूस यांनीच कडाडून टीका केली. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकाच घरात तीन-चार कंपन्यांची कर्जे, वसुलीची दांडगाई आणि कर्जदारांच्या आत्महत्यांचे आरोप यांनी वातावरण पेटले; ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून वसुलीवर निर्बंध घातले आणि तेथील परतफेड जवळजवळ थांबली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये व्याजदराला आणि एका कर्जदाराला देता येणाऱ्या कर्जाला मर्यादा सुचवल्या. दरम्यान अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे लघुकर्ज आल्यानंतरचा फरक मोजला होता. आधीच धंदा असलेल्यांनी त्यात थोडी अधिक गुंतवणूक केलेली दिसली. घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि स्त्रीचा घरातील अधिकार यांत लक्षणीय वाढ आढळली नाही.

या निष्कर्षांमुळे जोबऱ्याचा शोध खोटा ठरत नाही, त्याची कक्षा मात्र ठरते. १९७६ मध्ये सिद्ध करायचे होते ते एवढेच, की तारण नसलेला माणूस कर्ज फेडतो. जनता बँकेच्या आक्षेपाला तेच उत्तर हवे होते आणि ते ४२ जणांनी दिले. पुढे पुरावा म्हणून मांडलेली परतफेड हळूहळू यशाचे माप बनली, आणि मोढा विणणारीच्या ५० पैशांचे काय झाले हा मूळ प्रश्न वसुलीच्या तक्त्यात कोठेच बसेना. ग्रामीण बँकेने स्वतः सभासद गरिबीतून बाहेर पडला की नाही हे ठरवण्यासाठी पुढे दहा कसोट्या लावल्या: डोक्यावर पत्र्याचे छप्पर आणि निजण्यास खाट, पिण्याचे शुद्ध पाणी, शौचालय, शाळेत जाणारी मुले, थंडीचे कपडे आणि मच्छरदाणी, घराभोवती भाजीपाला किंवा जोडउत्पन्न, वर्षभर तीन वेळचे जेवण, आजारात उपचार, काही हजारांची शिल्लक. आठवड्याला किमान २०० टकांचा हप्ता भरण्याची ऐपत हीही त्यांत आहे, पण दहांतील ती एकच कसोटी आहे. बँकेच्या पुस्तिकेवरून ती आणि शिल्लक एवढेच तपासता येते. बाकीच्या बहुतेकांसाठी कार्यकर्त्याला सायकल अंगणात लावून घरात डोकावावे लागते.